रद्दचा रकाना

चुवाबाह गावच्या जुन्या देवळांच्या फाटकावर बासिलियाचं काम म्हणजे बसून राहण्याचं. लाकडी खिडकीमागे स्टुलावर बसायचं, ओळखपत्र बघायचं, तिकीट फाडायचं आणि चार वाजता शिट्टी वाजवायची. बावीस वर्षं तिने हे बिनबोभाट केलं होतं. पण त्या गुरुवारी बाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. स्टुलावर बसली की उठायची, उठली की फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या वळणाकडे बघायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की उगाच नियमांची पाटी फडक्याने पुसायची. नऊ वाजेपर्यंत ती पाटी तीनदा पुसून झाली होती.

"अगं, अक्षरं जातील ती," समोरून चोना म्हणाली. चोना फाटकाबाहेर मक्याचा गरम आतोल विकायची, आणि त्याच्याबरोबर गावभरच्या बातम्या फुकट द्यायची. "मग कुणी देवळावर चढलं तर कुठला नियम दाखवशील?"

"तू तुझा आतोल ढवळ. करपतोय."

"करपला तर करपला. आज पोरगा यायचाय तुझा, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मोकळेपणाने वाट बघ की! पाटी कशाला पुसतेस?"

बासिलिया परत खिडकीमागे जाऊन बसली आणि लगेच उठली.

पाटीवरचं तिला तोंडपाठ होतं. गावच्या माणसाला फुकट, यादीत नाव असेल तर. देशातल्या माणसाला दहा केत्साल, पांढरं तिकीट. परदेशी माणसाला पन्नास, गुलाबी तिकीट, पासपोर्ट दाखवून. देवळांवर चढू नये, कोरलेल्या दगडांना हात लावू नये, आखलेली वाट सोडू नये. जाळ करू नये. पूजेचा जाळ फक्त जुन्या पंचांगाचे दिवस मोजणाऱ्या जाणत्यांनी करावा, तोही आधी सांगून. हे नियम काही बासिलियाने केले नव्हते, पण जपायची मात्र पोटच्या पोरांसारखे. एकदा एक बडा सरकारी अधिकारी ओळखपत्र घरी विसरून आला, तर तिने त्याला गुलाबी तिकीट दिलं होतं. तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा राजधानीत राहायचा. तो दर नाताळला पांढरं तिकीट घ्यायचा आणि दर नाताळला तिच्याकडे जेवायचं टाळायचा. बासिलियाला त्याचं काही वाटत नसे. निदान ती तसं म्हणायची.

तिकिटांच्या पुस्तकात प्रत्येक पानावर शेवटी एक अरुंद रकाना होता. 'रद्द'चा. फाटकावरच्या माणसाच्या हातून चुकीचं तिकीट फाटलं, तर त्याने तिथे स्वतःच्या हाताने कारण लिहायचं, चिटणिसाने खाली सही करून ते तिकीट बाद करायचं, आणि रविवारच्या सभेत ते सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचायचं. तिच्या आधी फाटकावर असलेल्या म्हाताऱ्याने तो रकाना आयुष्यभर भरभरून लिहिला होता. बासिलियाचा बावीस वर्षं कोरा होता. हे ती सांगायची. मुद्दाम नाही, पण विषय निघाला की सांगायची, आणि विषय बऱ्याचदा निघायचा.

आता त्या दिवशीच्या घालमेलीचं खरं कारण.

तिचा एकुलता एक मुलगा फर्मिन एकोणीस वर्षांपूर्वी उत्तरेला गेला. चोरवाटेने गेला, ह्यूस्टनमध्ये लोकांच्या घरांची छपरं बांधू लागला, आणि कागद नसल्यामुळे तिकडेच अडकला. बाप वारला तेव्हाही येता आलं नाही. यंदा कागद झाले, नुसते कागद नाही, तिकडचं नागरिकत्वच मिळालं, आणि तो यायला निघाला. पण तो यायचा म्हणजे नुसता भेटायला यायचा, असं बासिलियासाठी नव्हतं. चुवाबाहच्या माणसाचं नाव यादीत राहतं ते त्याच्या काशकोलवर. काशकोल म्हणजे गावकीचं बिनपगारी काम: जंगल राखणं, झऱ्याची पन्हळ साफ करणं, जत्रेआधी जुन्या देवळांच्या पायऱ्यांवरचं गवत काढणं. घरातल्या एकाचं दुसऱ्याने केलं तरी चालतं, पण करायला हवं. काशकोल चुकला की नाव कापलं. नाव कापलं की जंगलातलं लाकूड नाही, झऱ्याचं पाणी नाही, आणि गावच्या दफनभूमीत जागा नाही. फर्मिनच्या बापाशेजारी एक जागा रिकामी होती. बासिलियाने ती स्वतःसाठी राखली नव्हती. स्वतःसाठीची दुसऱ्या बाजूला होती.

आणि तीन वर्षांपूर्वी सभेने ठरवलं होतं, की दहा वर्षांहून जास्त बाहेर असलेल्यांना एकेक करून बोलावणं धाडायचं. ज्याला बोलावणं गेलं त्याने त्या वर्षीच्या जत्रेआधी एक दिवस स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने काम करायचं. नाही आला तर नाव गेलं. यंदा घरी आलेलं बोलावणं फर्मिनचं होतं आणि शेवटचा दिवस हाच गुरुवार होता. फर्मिनला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाली होती, "गुरुवारी दुपारपर्यंत ये, जुने कपडे घालून ये, आणि कशाला म्हणून विचारू नकोस." सांगितलं असतं तर त्याने पैसे धाडले असते आणि म्हणाला असता, कुणाला तरी मजुरीने लाव. तो आपण होऊन यावा असं तिला वाटत होतं. असलं वाटणं लोकांना शोभतं, नियमाच्या बाईला शोभत नाही, हे तिलाही कळत होतं.

अकरा वाजता फोन आला.

"नान, विमान चुकलं माझं. उद्या सकाळी पोचतो." नान म्हणजे आई; गावात वडीलधाऱ्या बाईलाही मानाने नान म्हणत, आणि पुरुषाला तात.

"उद्या?"

"काय झालं? एका दिवसाने काय होतंय? एकोणीस वर्षं थांबलीस ना?"

बासिलियाला वाटलं, आता सगळं ओरडून सांगावं. पण खिडकीसमोर तीन पांढरी तिकिटं ओळखपत्र घेऊन उभी होती. तिने फोन ठेवला, तिकिटं फाडली, आणि मग खिडकी चोनाच्या नजरेवर सोडून शेजारच्या खोलीत गेली.

तिथे चिटणीस माकारियो यादी पुढ्यात घेऊन बसला होता. हा माकारियो तिच्याशी दोन वर्षं कामापुरतंच बोलत होता, आणि त्याला कारण होतं. त्याचा धाकटा भाऊ एलिसेओ असाच बोलावण्यावर ह्यूस्टनहून आला होता, असाच शेवटच्या दिवशी. बरोबर बायको होती, तिचं गुलाबी तिकीट काढताना त्याने भाबडेपणाने स्वतःचंही काढलं आणि आत गेला. मग झाडू मागायला लागला. पण तिकिटावर आत गेलेला तो त्या दिवसापुरता पाहुणा, आणि पाहुण्याच्या हातात झाडू द्यायचा नाही, त्याला पायऱ्यांवर चढू द्यायचं नाही, हाही नियमच. माकारियो खिडकीशी येऊन विनवत होता, "नान, रद्द म्हणून लिहा, मी सही करतो." बासिलिया म्हणाली होती, "माझी चूक काय झाली? त्याने मागितलं, मी दिलं. फाटलं ते फाटलं." एलिसेओचं नाव कापलं गेलं. मागच्या लेंटच्या उपवासांत त्यांची आई वारली, तेव्हा तो आला नाही. कुठल्या तोंडाने येऊ, म्हणाला.

"तात माकारियो," बासिलिया दारात उभी राहून म्हणाली, "एक दिवस पुढे ढकलता येईल का? उद्या सकाळी येतोय तो."

माकारियोने यादीतून मान वर केली नाही. "तारीख सभेने ठरवलीय, नान. मी कोण?"

"बरोबर आहे."

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

"बरोबर आहे," ती परत म्हणाली आणि बाहेर आली. तिला त्याचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, मनाला काही तरी चाळा मिळाला असता. ती खिडकीत बसली, उठली, शिट्टी गळ्यातून काढून पुन्हा अडकवली. चोनाने न मागता आतोलचा पेला आणून ठेवला. तो तसाच निवला.

दीड वाजता परदेशी पाहुण्यांची मोठी गाडी आली आणि खिडकीशी झुंबड उडाली. टोप्या, काळे चष्मे, पाण्याच्या बाटल्या. आत बाटली चालेल का, ड्रोन उडवला तर चालेल का, वर का नाही चढायचं, पूर्वी तर चढू देत होते म्हणे. बासिलियाचं तोंड उत्तरं देत होतं आणि हात पासपोर्टांवर चालत होता. मन तिसरीकडेच होतं. बावीस वर्षांत त्या हाताला एक सवय लागली होती, की पासपोर्ट उघडायचाच नाही, मुखपृष्ठ बघायचं. लाल, गुलाबी. हिरवा, गुलाबी. निळा, गुलाबी. तोंडाकडे बघायला वेळ कुणाला आहे?

"एक, सेन्योरा," एका जाड आवाजाने मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं. निळा. तिने पन्नासची नोट घेतली, गुलाबी फाडलं, पुढे सरकवलं.

"थँक्यू," तो म्हणाला आणि फिरत्या दांड्यातून आत गेला.

आत गेल्यावर त्याने टोपी काढली. चष्मा काढला. दाढी होती, पोट सुटलं होतं, पण हसणं त्याच्या बापाचं होतं.

"काय गं नान!" तो गावच्या भाषेत मोठ्याने ओरडला. "तुला कुणी चकवू शकत नाही म्हणे! तुझ्या लेकाने चकवलं बघ!"

चोनाच्या हातातला डाव खाली पडला. बासिलिया स्टुलावरून उठली ती खिडकीचं दार उघडायचंही विसरली, खिडकीतूनच तिने दोन्ही हात बाहेर काढले. फर्मिन दांड्यावरून वाकला आणि तिच्या हातांवर त्याने आपलं तोंड ठेवलं. त्या क्षणी तिला इतका आनंद झाला की छातीत दुखायला लागलं. विमान चुकलं नव्हतंच. मेल्याने थट्टा केली होती. आला होता, वेळेत आला होता, दुपारच्या दोनच्या आत. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. केस विरळ झाले होते.

मग तिला त्याच्या मुठीतलं गुलाबी तिकीट दिसलं.

तिचे हात तिथेच थांबले. "ते इकडे दे," ती म्हणाली.

"राहू दे की, आठवण म्हणून नेतो. आईने परदेशी म्हणून फाडलेलं तिकीट! ह्यूस्टनमध्ये सांगितलं तर हसून लोळतील लोक."

"फर्मिन, दे म्हणते ना!"

आवाज ऐकून माकारियो बाहेर आला. त्याने फर्मिनकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं, दांड्याच्या आत असलेल्या त्याच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. बासिलियाला वाटलं, आता हा म्हणणार. फाटलं ते फाटलं. म्हणाला असता तर त्यात चूक काही नव्हती.

"काय झालंय?" फर्मिन म्हणाला. "मी काही मोडलं का?"

"तुला काशकोलचं बोलावणं होतं," माकारियो त्याला म्हणाला. "आजचा शेवटचा दिवस. आणि तू पाहुणा होऊन आत आलास."

"मला? माझं नाव आहे अजून यादीत?" फर्मिनला खरंच आश्चर्य वाटलं. "मला वाटलं कधीच कापलं असेल. एकोणीस वर्षं मी एक काडी उचलली नाही इथली."

"तू नाही उचललीस. ही उचलत आली." माकारियोने यादीचं पान उलटून त्याच्यापुढे धरलं. "दर वर्षी आधी स्वतःचा दिवस, मग तुझा दिवस. मागल्या वर्षी पन्हळीत पडून हिचा खांदा उतरला, तो तुझ्या दिवशी."

फर्मिनचं हसू गेलं. "नान, तू सांगितलं का नाहीस?"

"रांग अडलीये," बासिलिया म्हणाली. खरंच अडली होती. मागचे पाहुणे माना वर करून बघत होते, कुणी तरी फोटोही काढला.

फर्मिन दांड्यावरून उडी मारून बाहेर यायला लागला. "थांब, मी बाहेर येतो, परत आत येतो. कोण बघतंय?"

"मी बघतेय," बासिलिया म्हणाली. "पुस्तकात नंबर चढलाय. आजच्या दिवसाला तू पाहुणा आहेस."

दूर देवळाच्या पायऱ्यांवर पाच-सहा गावकरी वाकून गवत काढत होते, त्यांच्या खुरप्यांचा आवाज येत होता. बासिलियाने पुस्तक पुढे ओढलं. तो शेवटचा अरुंद रकाना वरून खालपर्यंत कोरा होता, आणि मागची सगळी पुस्तकंही तशीच होती. तिने पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं.

माकारियो खिडकीशी येऊन उभा राहिला. मग हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असा म्हणाला, "नान, शाई पसरली होती म्हणून लिहा. किंवा कागद चिकटले होते, दोन एकदम फाटले. मी सही करतो. रविवारी वाचताना कुणी हसणार नाही."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत एवढं लांब वाक्य तो तिच्याशी बोलला नव्हता. आणि तेही तिला वाचवायला. याच्या भावासाठी आपल्याला एक ओळ लिहिता आली नव्हती, हे तिच्या मनात इतकं स्पष्ट आलं की तिला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"शाई नव्हती पसरली," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मग तुम्ही खोट्यावर सही कराल?"

"करीन की. एकदा केली तर काय होतंय?"

तिने मान हलवली, आणि लिहायला लागली. तिचं अक्षर मोठं होतं आणि रकाना अरुंद, म्हणून शब्द एकाखाली एक उतरत गेले. लिहून झाल्यावर तिने पुस्तक माकारियोकडे वळवलं. त्याने वाचलं. मग सही करण्याआधी परत एकदा वाचलं.

'पासपोर्ट बघितला, तोंड बघितलं नाही. माझाच मुलगा होता. ओळखला नाही.'

"हे सगळ्यांसमोर वाचायचं आहे, नान," तो म्हणाला.

"वाचा. माझ्याच तोंडून वाचून घ्या हवं तर." तिने डोळे पुसले नाहीत, नाक मात्र पुसलं. "आणि दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक कपाटात आहे ना? ते काढून ठेवा. रविवारी दोन रकाने वाचायचे आहेत."

माकारियोने सही केली. पेन परत देताना त्याचा हात थोडा जास्त वेळ पुस्तकावर राहिला. मग तो खोलीत गेला, आणि कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.

फर्मिनने ते वाचलं नव्हतं. त्याला वाचायला द्यायचं की नाही हे बासिलियाने ठरवलंही नव्हतं. पण तो खिडकीशी आला, वाकला, आणि पुस्तक उलटं असूनही त्याने ते वाचलं. "नान, मी थट्टा केली गं," तो म्हणाला. "मुद्दाम चष्मा लावला होता. कुणीही फसलं असतं."

"कुणीही फसलं असतं. मी कुणीही आहे का?" तिने त्याची पन्नासची नोट त्याच्या हातात कोंबली, तिकीट घेऊन पुस्तकाच्या पानाला टोचून टाकलं, आणि भिंतीला टेकलेला झाडू आणि खुरपं दांड्यावरून त्याच्याकडे दिलं. "काम दिवस मावळेपर्यंत असतं, मग यादीवर सही. जुने कपडे घालून ये म्हटलं होतं ना? हे काय घातलंस?"

"हे जुनेच आहेत."

"असले जुने? तिकडे बरं चाललेलं दिसतंय तुझं."

फर्मिन हसला, पण नीट हसू आलं नाही. तो आखलेली वाट सोडून गवतातून सरळ देवळाकडे चालायला लागला. झाडू कुठल्या हातात धरायचा तेही तो विसरला होता. अर्ध्या वाटेत त्याने हात बदलला. पायऱ्यांपाशी एका म्हाताऱ्या गावकऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, काही तरी बोलला, आणि वरच्या बाजूला बोट दाखवलं. फर्मिन चढला. खालून पाहुणे बोटं दाखवून एकमेकांना विचारत होते, हा कसा चढतो, मग आम्ही का नाही. बासिलियाने रांग पुढे घेतली. पासपोर्ट घ्यायची, उघडायची, फोटो बघायची, मग समोरच्या माणसाचं तोंड बघायची, आणि तेव्हा कुठे तिकीट फाडायची. रांग नुसती रेंगाळली. मागचे कुरकुरत होते.

"झालं काय हिला?" चोना आतोलच्या हंड्यामागून म्हणाली. "आज रात्रीपर्यंत तिकिटं फाडणार वाटतं."

चार वाजता बासिलियाने शिट्टी वाजवली. लांब, दोनदा. पाहुणे बाटल्या गोळा करत, बुटांतले खडे झटकत फाटकाकडे यायला लागले. आणि त्यांच्यात, पांढरे बूट मातीने माखलेले, पाठ घामाने भिजलेली, फर्मिनही आला. झाडू त्याने खालच्या पायरीला नीट टेकवून ठेवला होता. तो इतरांसारखाच दांड्यापाशी रांगेत उभा राहिला.

बासिलियाने एकेकाला बाहेर जाऊ दिलं. त्याची पाळी आली तेव्हा तिने दांडा हाताने धरून ठेवला.

"काय गं? वेळ संपली ना? शिट्टी झाली की."

"शिट्टी पाहुण्यांसाठी असते," ती म्हणाली. "तू परत वर जा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वळला आणि गवतातून परत निघाला, या वेळी जरा भराभर. बासिलियाने फाटक लावून घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्टुलावर नीट बसली.